शिंजिराचं घरटं आणि कावळ्यांचा डूख

लग्न होऊन मी बेळगावकडून बेंगळूरला, चामराजपेटेतल्या घरात आले. साठ-एकसष्टचा सुमार असेल. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि मामंजी, म्हणजे ह्यांचे अण्णा. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या. मामंजींनी उभा जन्म तालमीत काढलेला. आधी स्वतः लढले, मग पोरांना कुस्ती शिकवली. अर्धांगाच्या झटक्यानं डावं अंग लुळं पडलं आणि तालीम सुटली. मग दिवसभर परसात खुर्ची टाकून बसत. उजवा हात मात्र शाबूत होता आणि त्या हातात काठी असे.

न्हाणीच्या परसाकडच्या भिंतीवर ह्यांचा दाढीचा आरसा टांगलेला होता. एका शिंजिरानं त्या आरशाशी वैर धरलं. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा पक्षी, सावलीत काळा, उन्हात आला की निळा-जांभळा. सकाळ झाली की यायचा, खांद्यापाशी लपवलेली केशरी पिसं फुलवायचा आणि बाकदार चोच काचेवर आपटायचा. तासन्‌तास. एकदा काचेवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले, तेव्हा मी आरशावर पंचा टाकला. मामंजींनी काठीनं तो ओढून काढला.

"लढणाऱ्याला मधे पडून थांबवू नये," ते म्हणाले.

"मामंजी, समोर कुणी नाहीच आहे."

"त्याला दिसतोय ना?"

हे दाराशी उभे होते. एवढं ऐकून आत गेले.

फाल्गुनात खराच दुसरा नर आला. दोघं परसातल्या डाळिंबावर भिडले, पायात पाय अडकून खाली धुण्याच्या दगडावर पडले, आणि तिथंही एकमेकांना टोचत राहिले. मी धावले तेव्हा एक उडाला. दुसऱ्याचा डोळा फुटला होता. माझ्या तळहातावर त्याचं काळीज जोरात उडत होतं. मग ते थांबलं. मामंजी टक लावून बघत होते. "चितपट केलं," एवढंच म्हणाले.

मादी मळकट पिवळसर. डाळिंबाच्या खालच्या फांदीला तिनं एकटीनं घरटं लटकवलं. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, अळ्यांची लेंडी, वाळकी पानं. लांबून कचरा लोंबतोय असंच वाटे. बाजूला दार, वर छोटीशी पडवी. नर विणायला आला नाही. पिल्लं झाल्यावर मात्र दोघं चारू लागले. मी समजत होते की हे पक्षी नुसत्या मधावर जगतात. पिल्लांना आणत होते ते कोळी आणि अळ्या, आपटून मऊ केलेल्या.

एके सकाळी मी भांडी घासत असताना कावळा आला. घरट्यालाच लटकला, एका हिसक्यात त्यानं बाजू फाडली आणि एक पिल्लू चोचीत घेतलं. शिंजीर जोडी त्याच्या डोक्यावर तुटून पडली, पण त्याला त्याचं काय! तेवढ्यात मामंजींची काठी सुटली. बसल्या जागेवरून, एका हातानं. कावळ्याची मान मोडली. पिल्लूही मेलंच.

दुसरं पिल्लू फाटक्या घरट्यात तग धरून होतं. मी सुईदोरा आणला.

शेजारच्या अक्का भिंतीवरून म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. माणसाचा हात लागला की आई टाकते म्हणतात."

"नाही शिवलं तर खालीच पडेल, अक्का."

मी चार टाके घातले. घटकाभरात मादी आली, टाक्यांवरून चोच फिरवली आणि आत डोकावून चारू लागली.

पण कावळ्यांनी डूख धरला. दुपारपर्यंत कौलांवर पन्नासेक जमले. मामंजी परसात आले की एकेक करून डोक्यावर झेपावायचे. दुसऱ्या दिवशी टाळू फाटली, कानामागून रक्त ओघळून सदरा भिजला. मी हळद दाबून म्हटलं, "आता चार दिवस आत बसा."

"मी उठलो की ते घरट्यावर येतील," ते म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी हे कामावर गेले नाहीत. छत्री उघडून वडिलांच्या शेजारी उभे राहिले. कावळ्यांनी छत्रीचं कापड फाडलं, ह्यांच्या मनगटाचं मांस निघालं. मामंजी म्हणाले, "जा तू आत." हे हलले नाहीत. मामंजींनी पुन्हा सांगितलं, तरी नाही.

"अण्णांना सांग, आखाड्यात मार बसला तेव्हापासून त्या बाजूनं मला ऐकू येत नाही," हे माझ्याकडे बघत म्हणाले.

मला हे माहीतच नव्हतं. मागून ह्यांनी सांगितलं, बाराव्या वर्षी एक कुस्ती हरले म्हणून भर आखाड्यात वडिलांनी कानशिलात मारली होती. तेव्हापासून तो कान गेलेला. मामंजींनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं हे मान वळवून ऐकत, आणि बापाला वाटे, पोरगा उर्मट आहे.

मामंजी काठीवर भार देऊन उठले, लुळा पाय ओढत दुसऱ्या बाजूला आले. रक्तानं एक डोळा मिटलेला होता.

"मीच मारलं होतं का?"

"हो."

"सरी," मामंजी कानडीत म्हणाले, म्हणजे "बरं." मग काठी सोडून ते मुलाला रेलले आणि छत्रीची मूठ त्यांनीही धरली, मुलाच्या हाताखाली. दोघं ऊन उतरेपर्यंत तसेच उभे होते.

पिल्लू पाचव्या दिवशी बाहेर आलं, जास्वंदीवर धडपडलं, आणि आईबापामागं अक्कांच्या बागेत गेलं. तिथं मांजर होतं. पुढं काय झालं ते कळलं नाही. मामंजींच्या टाळूची जखम चिघळली, महिनाभर पट्ट्या झाल्या. कावळे पावसाळा लागेपर्यंत त्यांना ओळखत होते.

श्रावणात नराची निळी पिसं झडली. तो मादीसारखा पिवळट झाला, गळ्यापासून पोटावर एक काळा पट्टा तेवढा राहिला. मामंजी रोज विचारत, "तो दिसत नाही गं कुठं?" मी डाळिंबावर बोट दाखवी. त्यांचा विश्वास बसत नसे.