दोन कार्डं आणि माझी दाढ

मंडळी, तोंडात कापूस धरून हे लिहितेय. बोलता येत नाही, म्हणून ग्रुपवर राग काढते.

माझ्याकडे दातांचे दोन इन्शुरन्स आहेत. एक माझ्या कंपनीचा. दुसरा नवऱ्याच्या कंपनीचा, त्यात मी त्याची बायको म्हणून आहे. दाढ दुखायला लागली तेव्हा क्लिनिकमध्ये मी नवऱ्याचं कार्ड दिलं. माझा व्हिसा त्याच्यावर, दुबईशेजारच्या अजमानमधल्या घराचा करार त्याच्या नावावर, मग पहिलं कार्डही त्याचंच, असं मी धरूनच चालले. नवऱ्याला विचारलं, तर तोही म्हणाला, "हो, माझंच दे."

महिनाभर इन्शुरन्सकडून रूट कॅनलचं अप्रूव्हल आलं नाही. पेनकिलर घेऊन मी रोज दुबईला ऑफिस गाठत राहिले.

आज उत्तर आलं. रिसेप्शनवरच्या मुलीने वाचून दाखवलं, "मॅडम, आप खुद जॉब करती हैं, तो पहले आपका कार्ड. बाकी जो बचेगा, वो हसबंड के कार्ड से."

माझं कार्ड पर्समध्येच होतं. कधी बाहेरच काढलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी दाढ पाहिली. आता रूट कॅनलचा उपयोग नव्हता. "खलास," ते हळूच म्हणाले आणि दाढ काढली.

घरी नवरा म्हणाला, "अगं, आधी मला तरी विचारायचंस!"

मी कागदावर लिहून दिलं, "तुलाच विचारलं होतं."



नोकरी करणाऱ्या बायांनो, तुम्ही काउंटरवर आधी कुणाचं कार्ड काढता?