तेल न गळणारी गाडी

टाकवे बुद्रुकच्या त्या आबांचा मला अजून राग येतो. ते जाऊनही बरीच वर्षं झाली.

लोणावळ्यात माझा जुन्या मोटारसायकली घेण्या-विकण्याचा धंदा होता. बापाने काही ठेवलं नव्हतं. हमाली करता करता पाना धरायला शिकलो आणि स्वतःची शेड उभी केली. तुंगार्लीच्या एका बंगलेवाल्याने परदेशातून जपानी मोटारसायकल आणली होती. ती मिळवायला मी शेडमधल्या होत्या नव्हत्या त्या गाड्या विकल्या. ही खपली नाही तर माझा धंदाच बसणार होता.

पण गाडी काय होती! आपल्याकडच्या विलायती गाड्यांची इंजिनं उभी चिरलेली. दोन अर्धी एकमेकांना आवळलेली, आणि सांधा थेट तेलात बुडालेला. आज आवळा, उद्या पाझर सुरू. जपान्यांनी इंजिन आडवं कापलं आणि सांधा तेलाच्या वर ठेवला. गळणार कुठून? किक मारायचीही गरज नाही, बटण दाबलं की सुरू.

टाकव्याचा एक तरुण शेतकरी ती बघायला आला. बरोबर त्याचे चुलते, हे आबा. पोरगा बटण दाबूनच खूश झाला. आबा मात्र उकिडवे बसून जमीन चाचपायला लागले.

"मिस्त्री, गाडी कालपासनं हितंच हाय?"

"हो."

"मग खाली टिपूस कसा न्हाई?"

"ही गळतच नाही, आबा."

"गळत न्हाई म्हंजी आत न्हाई."

आमच्याकडे गाडी घेताना आधी तिच्याखालचा डाग बघायचे. डाग असला की मालक तेल घालतो, इंजिन ठणठणीत. मी इंजिनातली तेल मोजायची काडी काढून दाखवली. "काडी तुमी डब्यात बुडीवली आसंल," आबा म्हणाले. माझं डोकं फिरलं. खाली घमेलं सरकवलं, इंजिनाच्या बुडाचा नट काढला आणि सगळं तेल त्यांच्यासमोर ओतलं.

"आत्ता कशी पान्हावली!" आबा म्हणाले. जमलेली माणसं खो खो हसली. पुतण्याही हसला.

दात आवळून मी तेल परत भरलं. भाव ठरला. तेवढ्यात आबांनी मला बाजूला घेतलं.

"त्यो खालचा नट जरा ढिला ठिवा. रोज चार थेंब पडलं पायजेत. गावात लोक इचारत्याल."

"चांगल्या भांड्याला भोक पाडून नेता का, आबा?"

"भांडं आमी घेतोय न्हवं? मग भोक बी आमचंच."

"नट ढिला होणार नाही. घ्यायची तर अशीच घ्या, नाहीतर चालू लागा!"

ते खरंच चालू लागले. स्टेशनपलीकडच्या माझ्या हाडवैऱ्याकडून त्यांनी एक खटारा घेतला आणि रस्ताभर तेल सांडत गावी नेला. माझी गाडी मावळभर 'बिनतेलाची' म्हणून गाजली. गिऱ्हाईक शेडच्या दारातूनच हसून परत जायचं.

शेवटी मुंबईचा एक जण आला. गाडीखाली त्याने बघितलंसुद्धा नाही. आडवं इंजिन त्याला माझ्याइतकंच कळत होतं, आणि बाजारात चहा पिताना बाकीचं सगळं त्याच्या कानावर आलं होतं.

"इथं ही कोण घेणार?" त्याने शांतपणे विचारलं आणि एक आकडा सांगितला.

आयुष्यभर सौद्यात दुसऱ्यांना घाम फोडणारा मी, त्याच आकड्याला कबूल झालो. भाव त्याने सांगितला, पण तो पाडला होता आबांनी. किल्ली त्याच्या हातावर आपटली आणि म्हणालो, "ने. पुन्हा या गल्लीत फिरवू नकोस."