शेंड्याची फळं

मानसिंगरावांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे पहारा आपल्या रक्तातच आहे, असं ते सांगत. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर पहाऱ्याला उरली ती फतेगंजच्या परसातली बायकोने, चिमणाबाईंनी, लावलेली पेरूची चार झाडं, आणि शत्रू म्हणून पोपट.

बुजगावणं झालं, डबे बडवून झाले. पाखरं चार दिवस बिचकत, पाचव्या दिवशी बुजगावण्याच्या डोक्यावर बसत. चिमणाबाई म्हणायच्या, "अहो, हाताला येतात त्या फळांना मलमलच्या पिशव्या बांधू. शेंड्याची राहू द्या त्यांना."

"का? पाखरांना पेन्शन सुरू करायचीय?"

तरी त्या शिवत राहिल्या. गेल्या तेव्हा डबाभर पिशव्या मशीनशेजारी तशाच पडल्या होत्या.

पुढच्या बहराच्या सुमाराला बाजारात सीड्यांचा सुळसुळाट झाला. कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराने पोतंभर जुन्या कॅसेटी दिल्या. "लई जाओ काका, भंगारवाळोय नथी लेतो." मानसिंगरावांनी फिती उपसून झाडाझाडांत ताणल्या. वाऱ्यावर त्या अशा झणझणत, चमकत, की पाखरू कुंपणाशी फिरकेना. वर्षश्राद्धाला हिच्या पानावर हिच्याच झाडाचा न टोचलेला पेरू ठेवायचा, एवढाच त्यांना ध्यास होता.

श्राद्धाला पुण्याहून लेक, संयोगिता, आली. परसाच्या भिंतीवर कावळ्याचं पान ठेवलं: खीर, वडे, कडेला पेरू. एक वाजला, दोन वाजले. कावळे समोरच्या विजेच्या तारेवर बसलेले. वारा आला की फिती झणझणत आणि सगळे उडून जात.

चिमणाबाईंची धाकटी जाऊ विमल कुजबुजली, "वहिनींचं मन कशात तरी अडकलंय. भावजी, काही तरी कबूल करा."

काय कबूल करायचं ते मानसिंगरावांना ठाऊक होतं. हात जोडून ते पुटपुटले, "शेंड्याची त्यांची. ऐकलंस?"

"बाबा, आधी त्या फिती काढा!" संयोगिता ओरडली. "आईला कशाला दोष देताय?"

ते शिडी लावून चढले, विळ्याने फिती तोडत सुटले. खाली काळा गुंता साचला. तोवर तार रिकामी झाली होती. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला टेकवला. सगळे जेवले, मानसिंगराव फितींचा गुंता गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच परसात कलकलाट. शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत पोपट, बुलबुल, आणि कावळेसुद्धा. उष्टे पेरू पटापट खाली पडत होते. संयोगिता डबा बडवायला धावली.

"राहू दे," मानसिंगराव म्हणाले.

भिंतीवरच्या पानाला मुंग्या लागल्या होत्या. त्यातला पेरू तेवढा अजून कुणी टोचला नव्हता.