शुक्रवारचं रामेन आणि राहिलेली मिसळ

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळी साडेसहा. स्थळ: आखातातल्या अल खोरच्या कंपनी वसाहतीतलं आमच्या शेजारचं घर. हजर: मी, नवरा शिरीष, मुलगी मुक्ता, शेजारच्या योशिको-सान, त्यांचे यजमान आणि अकरा बॅगा. निमित्त: शेवटचं रामेन.

यजमानांचं गॅस प्लांटमधलं काम संपलं होतं, दुपारी विमान होतं. सगळी भांडी बांधून झाली होती. पाच वाडगे मात्र योशिको-साननी मुद्दाम बाहेर ठेवले होते. खाऊन झाल्यावर त्यांनी ते धुतले, पुसले आणि माझ्या हातात दिले.

त्या किताकाताच्या. डोंगरातलं, बर्फाचं लहानसं जपानी गाव. तिथे सकाळी सातलाच रामेनच्या दुकानासमोर माणसं उभी असतात. रात्रपाळी सुटलेली, शेतावर निघालेली. हे ऐकल्यावर मी म्हटलं होतं, आमच्या नाशिकला रविवारी सकाळी मिसळीसाठी लोक असेच ताटकळतात. बाकीच्यांना सकाळी सकाळी झणझणीत का खायचं हे समजावत बसावं लागतं. योशिको-साननी फक्त विचारलं, मग मला कधी? मी लगेच माझ्या कामांच्या यादीत लिहिलं. त्याला सहा वर्षं झाली.

त्या सहा वर्षांत शुक्रवारची सकाळ त्यांच्या टेबलावर गेली. रुंद, चपट्या शेवया, हाताने चुरगळून लाटा आणलेल्या. सोया सॉसचा रस्सा, तळ दिसेल इतका स्वच्छ. त्यांच्या गावी त्यात डुकराची हाडं घालतात, इथे त्या कोंबडीवर भागवत. सुके छोटे मासे मात्र हवेतच. एकदा पिठात घालायचा त्यांचा खार संपला, तर मी आईने दिलेला पापडखार पुढे केला. त्यांनी बोटावर चाखला, मान डोलावली. तेव्हापासून सुट्टीवरून येताना त्यांच्यासाठी पापडखार आणणे हे माझ्या यादीतलं कायमचं कलम झालं.

मिसळ मात्र पुढे ढकलली जात राहिली. खरं कारण असं की आईसारखा कट मला येत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी नाशिक सोडलं त्या सकाळी मी वही घेऊन प्रमाण विचारत होते. आई म्हणाली, "वही मीट आणि इथे उभी राहा." टॅक्सी दारात आली होती. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत. पुढच्या प्रत्येक सुट्टीत बँक, दातांचा डॉक्टर, पासपोर्ट. कामं सगळी झाली. ओट्याशी उभी राहिले नाही.

ड्रायव्हर "यल्ला, चला" म्हणाला तेव्हा योशिको-सान गाडीत बसता बसता वळल्या. हसून म्हणाल्या, "मिसळ, इन्शाल्ला." आखातात राहिलेल्यांना हे सांगायला नको, की असं म्हटलेलं काम बहुधा होत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी रामेन केलं. वर्षानुवर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात टिपून घेतलेली बावीस कलमं होती, सगळी क्रमाने पाळली. मुक्ताने एक घोट घेतला. "आई, इट्स बिटर. लाइक, रिअली बिटर." लिंबू पिळून बघू का, असं शिरीषने विचारलं. मी किताकाताला फोन लावला.

योशिको-साननी एकच प्रश्न विचारला. "माशांची डोकी काढलीस? पोटातलं काळं?"

माझ्या यादीत ते नव्हतं. गप्पा मारता मारता वर्तमानपत्र पसरून त्या दर वेळी तेच करत असत. त्या कधी उठतात आणि पाककृती कधी सुरू होते याची मी पेन हातात घेऊन वाट पाहत बसायचे. त्यांच्या बोटांकडे मी बघितलंच नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी रस्सा बरोबर झाला. मुक्ताने वाडगा तोंडाला लावून संपवला आणि पुढच्या वेळी दोन मैत्रिणींना बोलवू का म्हणून विचारलं. म्हणजे शुक्रवार आता आमच्याकडे.

तिकडे राहिलेले तुम्ही सगळे फोनवर विचारता, घरी कधी येणार? पूर्वी मी निवृत्तीचं साल सांगायचे. आता सांगते की शुक्रवारी सातला जिथे मी पाच वाडगे मांडते, ते माझं घर आहे आणि ते मला चालवता येतं. नाशिकला मी येते ती एक शिकवणी अर्धी सोडून आलेय म्हणून. इकडे आलेल्यांनो, तुमचीही कुठलीतरी राहिली असेल, बघा.

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. नाशिकच्या यादीत बँक खाली सरकवली. पहिलं कलम: आईच्या ओट्याशी उभं राहणे, वही न नेता. दुसरं, सहा वर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवत आणलेलं: योशिको-सानना मिसळ. त्यापुढे आता किताकाता लिहिलं आहे. झाल्याची खूण अजून नाही.