आत्याबाई न्हाई म्हणायची

आत्याबाई साधा चहासुद्धा असा नाकारायची, की देणाऱ्याला वाटावं, आपण विषाचा पेलाच पुढं केला. म्हणायची, "तुमाला चा लागतो, आमाला चढतो." माणसं हसायची, पण आमच्या घरात ते खरंच होतं. आज्याला शिंदीनं नेलं, बापाला दारूनं. गावात, चारठाण्यात, आमचं नाव निघालं की लोक म्हणत, "खाण तशी माती." आत्याबाई, म्हणजे माझ्या बापाची सख्खी थोरली बहीण, जाता जाता थांबून ऐकवायची, "माती तशीच हाय बाबा. म्हणून काय तिच्यात धोतराच पेरावा?"

त्या काळी कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बारीक गोळी चाटवत. लेकरू निपचित पडे, बाईची मजुरी बुडत नसे. धाकट्या भावाच्या वेळी आईनंही गोळी उगाळली. आत्याबाईनं तिचं बोट धरून पदराला पुसलं.

"दुसऱ्याचं लेकरू दूध सुटलं की हे इसरतंय. आपलं इसरायचं न्हाई."

"वन्सं, दिवसभर रडंल की ते!"

"रडू दे. आपल्या घरात समदे झोपणारेच निघाले. एक तरी रडणारा निघू दे."

शेतात मुकादम कावला. आत्याबाई रडतं लेकरू पाठीला बांधून वेचतच राहिली, आणि लेकराच्या वर आवाज काढून म्हणाली, "मुकादम, गोळी हाय घरी. तुमी खा, म्हंजे ऐकू येणार न्हाई!"

दुष्काळ सरला त्या साली मी सातवीतून शाळा सोडून भिवंडीला यंत्रमागावर कामाला निघालो. परभणीच्या स्टेशनावर तिनं डोळ्यांत पाणी आणलं नाही, दम भरला. "तुझ्यात बी ते हाय. लाजू नको, इसरू बी नको. कोनी देऊ लागला तर कारणं सांगत बसू नको. न्हाई म्हण."

मागावर सलग दोन पाळ्या करणाऱ्यांना झोप उडवायची गोळी मिळे. सोबतचे काही जण घेत आणि सुट्टीला तिची आठवणही काढत नसत. मला त्यांचा हेवा वाटे, आणि स्वतःचा धाकही.

"घे रे, सगळेच घेतात," पाळ्या लावणारा जॉबर म्हणाला.

"न्हाई."

"मग दुसरी पाळी विसर."

"विसरलो."

 शब्द परत घेतला नाही, आणि दुसरी पाळी मला कधी मिळाली नाही.

आत्याबाई गेली तेव्हा वेळेत पोचता आलं नाही. धाक अजून गेलेला नाही. गावाकडचं कुणी भेटलं की हमखास बजावतं, "जपून राहा बाबा, बापाचं रक्त हाय तुझ्यात."

"आणि आत्याबाईत कुणाचं होतं?" मी विचारतो.