ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात खोडत वाचते. ‘म्हणे’, ‘ऐकिवात आहे’, ‘अंगावर काटा आला’... वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरीची वर्षं गेली की असे शब्द डोळ्यांना टोचतात. भूत, आत्मा, संकेत यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आता आहे, असंही म्हणवत नाही. म्हणून जे मी स्वतः पाहिलं तेवढंच लिहिते. जे दुसऱ्यानं पाहिलं, तिथं तसं सांगेन.

आई-बाबा जयपूरला, जगतपुऱ्यात राहायचे. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. मूळचे जळगावचे, बदल्या होत होत जयपूरला पोचले आणि निवृत्तीनंतर तिथंच फ्लॅट घेऊन राहिले. मी नाशिकला. बाबांकडे एक जुनी डिझेलवरची फोर-व्हील ड्राइव्ह होती, पुढं-मागं स्प्रिंगऐवजी पोलादी कमानपाटे असलेली, ट्रकसारखी उंच आणि कडक. सुट्टीच्या दिवशी ती वाळूत घालायची हे त्यांचं वेड. आई शेजारी डबा मांडीवर धरून बसायची आणि पूर्ण रस्ता कुरकुरायची. पण जायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी दोघं बाजारात निघाले होते. बाबा गाडी काढायला पुढं गेले. आई गॅस बंद करून, कुलूप लावून खाली पोचली तेव्हा ते ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले होते. इंजिन चालू. मान थोडी कललेली. हृदय बंद पडलं, कळलंही नसेल त्यांना, असं डॉक्टर म्हणाले.

दिवस झाले, पाहुणे परतले. आईला नाशिकला न्यायचं हे मी गृहीत धरलं होतं. ती तयार होईना. तिचं जेवण सुटलं होतं, रक्तदाबाच्या गोळ्या कधी घ्यायची, कधी नाही. रोज सकाळी पार्किंगमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहायची. वॉचमननं एकदा गाडी जरा सरकवतो म्हटलं, तर त्याच्यावर ओरडली. त्या सीटवर कोणीही बसायचं नव्हतं.

“गाडी इथं टाकून मी येणार नाही,” एवढंच ती म्हणायची.

मी म्हटलं, ठीक आहे, गाडीनंच जाऊ.

पण गाडी प्रवासाच्या लायकीची नव्हती. उजवीकडे स्पष्ट कललेली, आणि जरा हलवली तरी खालून खडखड. बाबांचे नेहमीचे मेकॅनिक गोपालजी येऊन वाकून बघून गेले. पुढचा उजवा पाटा तुटलाय, चालवू नका, असं सांगून त्यांनी क्रेन पाठवली. त्यांचं वर्कशॉप दुर्गापुऱ्याकडे. पाटे, त्यांच्या टोकांचे रबरी बुश, शॉकर... सगळं नवं घालायचं ठरलं. काम संपत आलं त्या दिवशी त्यांनी दोघींनाही बोलावलं. दुपारची वेळ होती. संक्रांत जवळ आलेली, शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांचा आरडाओरडा चालू होता.

गोपालजी बोलके आणि तिखट. काढलेला तुटका पाटा त्यांनी आईसमोर धरला.

“देखो माताजी, ड्राइवर साइड तो साहब ने ही बिठा दी. अच्छे खाते-पीते आदमी थे.”

“तब्येतीनं होते,” आई मराठीतच म्हणाली, आणि हसली. कित्येक आठवड्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर, चाकांवर उभी होती. मडगार्ड आणि टायर यांच्यामधल्या फटीत गोपालजींनी आपली मूठ घालून दाखवली. डावीकडे जेमतेम गेली, उजवीकडेही तशीच जेमतेम. “एक बराबर. नई गाड़ी भी ऐसी नहीं आती.”

आता फक्त बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे होते. त्यासाठी गाडीत माणसं बसवावी लागतात, ते म्हणाले. गाडी रिकामी असताना आवळलं तर वजन पडल्यावर रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं.

“जिसको चलानी है वो स्टेअरिंग पे, माताजी बगल में. जिसका वजन रोज़ पड़ना है, उसी के वजन पे कसूँगा. नहीं तो फिर मेरे पास आओगे और गाली भी मुझे ही दोगे.” आणि ते खड्ड्यात उतरले.

मी ड्रायव्हरचं दार उघडलं.

“तिथं नको बसूस,” आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून म्हणाली.

मी दार तसंच सोडून तिच्याकडे गेले. “आई, मग चालवणार कोण? गोपालजी?”

“मी म्हटलं ना, नको.”

“गाडीशिवाय तू येणार नाहीस. आणि चालवू दिली नाहीस तर गाडी येणार नाही. मग करायचं काय, सांग ना. माझी रजा संपतेय.”

ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला. “हाँ... बस. अब हिलना मत.” आणि पान्याचा आवाज सुरू झाला.

मी वळून पाहिलं. दार उघडं, सीट रिकामी. वर्कशॉपमध्ये त्या वेळी आम्ही तिघंच होतो. गाडी खाली दबताना मी पाहिली नाही, हे स्पष्ट करते. माझी पाठ होती. आईचं तोंड गाडीकडे होतं, आणि तिनं शालीचं टोक सोडून दिलं होतं.

गोपालजी वर आले. “भाईसाब कहाँ गए?”

“कौन भाईसाब?”

“जिनको बिठाया था. भारी आदमी थे.”

“किसी को नहीं बिठाया.”

“मज़ाक मत करो मैडम. कमानी मेरी आँख के सामने नीचे आई है.” त्यांनी मागची सीट पाहिली, गाडीच्या पलीकडे जाऊन पाहिलं. मग उजव्या फटीत मूठ घालायला गेले. गेली नाही. डावीकडे गेली. पुन्हा उजवीकडे... नाही.

मग मात्र ते चिडले. टायरची हवा मोजली, दोन्हीकडे सारखी. बंपर धरून गाडी हलवली. खाली उतरून आवळलेले बोल्ट सैल केले. फरक नाही. “नई कमानी है, ऐसे बैठ कैसे जाएगी?” हे ते मला विचारत होते की स्वतःला, कळलं नाही. मी स्वतः मूठ घालून पाहिली. माझी मूठ त्यांच्यापेक्षा लहान आहे. तीसुद्धा अडकली.

आई उठली. सावकाश उघड्या दाराशी गेली. मला वाटलं, आता कोसळेल. मी धरायला पुढं झाले, तर तिनं हातानंच मला थांबवलं.

“अहो,” ती म्हणाली. लग्नघरी बाबा कोणाशी गप्पा मारत बसले आणि पंगत खोळंबली की ती ज्या आवाजात हाक मारायची, तोच आवाज. “उतरा बघू आता. तो माणूस केव्हाचा खाली खड्ड्यात आहे. त्याला काम करू द्या.”

काही झालं नाही. गच्चीवर पोरं ओरडत होती.

“मुलगी बसेल इथं,” ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. “चांगली चालवते ती. तुम्हीच शिकवलंय.”

आणि गाडी वर आली. हे मात्र मी स्वतः, समोर उभं राहून पाहिलं. एकदम नाही... भारी माणूस उतरल्यावर गाडी जशी जराशी झुलून वर येते, तशी. गोपालजींचं डोकं तेव्हा खड्ड्याबाहेर होतं. तेही बघत होते.

त्यांनी तपासणी केली नाही, प्रश्न विचारला नाही. बॉनेटला हात लावला, तो कपाळाला लावला. “राम-राम, साहब,” म्हणाले आणि परत खाली गेले.

“बस ना,” आई मला म्हणाली. “किती वेळ ताटकळत ठेवशील त्यांना?” कोणाला, ते मी विचारलं नाही. बसले. ती वळसा घालून डावीकडे आली, चढताना नेहमीसारखी कुरकुरली, आणि शेजारी बसली. खालून पान्याचा आवाज येत राहिला.

नंतर मी दोन इंजिनिअरांना विचारलं. एकाचं म्हणणं, नव्या पाट्यांची एकावर एक बसवलेली पानं एकमेकांत अडकतात, त्यामुळे खाली गेलेली गाडी लगेच वर येत नाही. शक्य आहे. पण ती मुळात खाली कशानं गेली? दुसरा म्हणाला, जमीन उताराची असेल. जमीन तीच होती, थोड्या वेळापूर्वी दोन्ही फटी सारख्या होत्या. पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही, आणि मी नवं रचणार नाही.

नाशिकच्या वाटेवर एका ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो, तेव्हा मी आईला विचारलं, “ते उतरतील, हे तुला माहीत होतं?”

“मला कसं माहीत असणार?” ती म्हणाली. कपावर फुंकर घातली. “डॉक्टरांनी मला सांगितलं, हे गेले. मी तुला फोन केला. तू जळगावला कळवलंस. सोसायटीत तर तासाभरात सगळ्यांना कळलं. ह्यांनाच तेवढं कोणी सांगितलं नव्हतं गं.”