थापाडी आत्यांची राई

थापाडी आत्यांइतकं खोटं बोलणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि खोटं बोलण्याआधी तसं बजावून सांगणारंही दुसरं पाहिलं नाही. "ह्ये समदं खोटं हाय बरं का," असं म्हणून त्या उखळात पहिलं मुसळ घालत आणि गोष्ट सुरू करत. विंझरला माझी शाळा देवळात भरे आणि शेजारच्या ओट्यावर बायका भात कांडत. मुलांची तोंडं पाढ्यांत आणि कान आत्यांकडे.

आमची कुसुम सहाव्या वर्षी तापाने गेली. भोरच्या घरात राहवेना, म्हणून मी ही बदली मागून घेतली होती. गावात कुणापाशी मी ते बोललो नव्हतो. खरं काय ते आपल्याला कळतं, एवढी एकच घमेंड माझ्यापाशी उरली होती.

आत्यांची गोष्ट गावावरच्या राईची. माणसांची पाठ वळली की तिथली झाडं फुगड्या घालतात, आणि झाडाझाडात एक पोर राहतं. भात संपलं की गोष्ट संपे, मग एखादं पोर फांदीला लोंबकळत का असेना!

एकदा कांडता कांडता रखमाजीच्या बायकोने विचारलं, "आत्या, माजी सगुणा बी हाय का वो तितं?" सगुणाला जाऊन महिनाही झाला नव्हता.

"हाय की. वाकड्या हिरड्यात. केस इंचरत बसलीया."

मी हादरलोच. पोर गेलेल्या आईला असं फसवायचं? शाळा सुटल्यावर मी आत्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

"गुरुजी, म्या आदीच सांगितलंया न्हवं, खोटं हाय म्हून?" त्या शांतपणे म्हणाल्या. वर्षभरात राईतल्या एकेका झाडाला कुणाचं तरी नाव लागलं.

मग कोळशासाठी राई तोडायला एक ठेकेदार आला. राईत देव नव्हता, शेंदूर फासलेला धोंडासुद्धा नव्हता. तरी मजुरीला लावलेले गावचे गडी कुऱ्हाडी खाली ठेवून बसून राहिले. ठेकेदाराने मला बोलावलं. मी हौसेने गेलो.

"अरे, ती गोष्ट आत्यांनी माझ्यादेखत रचली. खोटी आहे!"

"ठावं हाय की," रखमाजी म्हणाला. "लई खोटी हाय."

"मग तोडत का नाही?"

"सगुणा हाय न्हवं तितं."

कुणी हसलं नाही. ठेकेदाराने माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "गावाची हरकत नाही, एवढं लिहून द्या. मी बाहेरून माणसं आणतो." गावात लिहिता येणारा मी एकटा.

कागद घेऊन मी निघालो तो थेट ओट्यावर गेलो. आत्या कांडत होत्या. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, आणि तोंडून जे निघालं त्याचा धक्का मला आजही पचलेला नाही.

"आत्या, आमची कुसुम कुठल्या झाडात आहे?"

भात संपायच्या आत त्यांचं मुसळ थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदराने हात पुसले.

"ह्ये समदं खोटं हाय बरं का, गुरुजी," त्या हळूच म्हणाल्या. "वढ्याकडची जांभळ. कवाची वाट बगतीया तुमची."

कागद मी कोराच परत दिला.

आता आत्या नाहीत. राई आहे. जांभळीखाली बसलेला पाहून कुणी मला विचारलं, तर मी सगळं सांगतो. आधी मात्र बजावतो, की हे सगळं खोटं आहे बरं का.